वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले व पुढे ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) व प्लेग या दोन रोगांवरील लशींसाठी ते ओळखले जातात. प्लेगची लस त्यांनी १८९६-९७ मध्ये मुंबईत तयार केली. प्लेगचे जंतू द्रवात वाढत असताना त्या द्रवात जी जीवविषे सोडतात, त्यांच्याविरुद्धही शरीराची तयारी करून घेता येईल, ही कल्पना या लशीच्या मुळाशी होती. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

१९०२ मध्ये पंजाबातील मलकवाल या गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. या दुर्घटनेचा ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला व त्यांना पद गमवावे लागले. प्रयोगशाळेविरुद्धचा पुरावा टिकणारा नाही हे पुढे अनेक शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

बालपण व शिक्षण

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा (सध्या युक्रेनमध्ये) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ रशियन नाव व्लादिमिर अरोनोविच खाव्किन असे होते. त्यांच्या लहानपणीच आईचे निधन झाले. शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क येथे पूर्ण करून १८७९ मध्ये त्यांनी ओडेसा येथील नोव्होरोसिस्क विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू होते. शरीरात शिरलेल्या जंतूंना पांढऱ्या पेशी गिळून टाकतात, या शोधासाठी मेचनिकॉव्ह यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रशियात १८८१ नंतर ज्यूंवरील सामूहिक हल्ल्यांची लाट आली. त्या वेळी ओडेसातील ज्यूंच्या संरक्षण दलात हाफकिन सहभागी झाले. त्यात ते जखमी झाले व त्यांना अटक झाली. मेचनिकॉव्ह यांनी त्यांच्या वतीने रदबदली केल्यानंतर त्यांची सुटका झाली. पदवीनंतर त्यांनी १८८२ ते १८८८ या काळात ओडेसातील प्राणिशास्त्रीय संग्रहालयात काम केले. ख्रिस्ती ऑर्थोडॉक्स पंथाचा स्वीकार केल्याशिवाय विद्यापीठात अध्यापनाचे पद मिळणे शक्य नव्हते. धर्मांतरास त्यांनी नकार दिला आणि १८८८ मध्ये देश सोडला.

त्यांचे आरंभीचे संशोधन मानवी रोगांवर नव्हते. साचलेल्या पाण्यात आढळणाऱ्या युग्लीना, पॅरामीशियम अशा एकपेशीय सजीवांचे पोषण, आनुवंशिकता आणि बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता हे त्यांचे विषय होते. पॅरामीशियमच्या पेशीकेंद्रात राहणाऱ्या जीवाणूंचे वर्णन करून त्यांनी १८९० मध्ये त्यांना होलोस्पोरा असे नाव दिले. हे नाव जीवाणुशास्त्रात आजही वापरात आहे. परिस्थिती बदलली की सूक्ष्मजीवाचे गुणधर्म बदलतात, हा या अभ्यासातील अनुभव त्यांना लशींच्या कामात उपयोगी पडला.

जिनिव्हा व पॅरिस

जिनिव्हा येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मोरित्स शिफ यांचे सहायक म्हणून काही काळ काम केल्यानंतर हाफकिन १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेचनिकॉव्ह त्यापूर्वीच तेथे आले होते. संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नसल्यामुळे हाफकिन यांनी ग्रंथालयातील पद पत्करले व उरलेल्या वेळात प्रयोग चालू ठेवले. पुढे ते एमिल रू यांचे सहायक झाले.

पटकीची लस

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ पर्यंत ओळखला होता. स्पेनमध्ये जाउमे फेरान यांनी १८८५ मध्ये जिवंत जंतूंची लस माणसांना टोचली होती. परंतु लशीची तीव्रता निश्चित नव्हती आणि परिणामांची नोंदही विश्वासार्ह मानली गेली नाही. हाफकिन यांनी प्रथम जंतूची तीव्रता स्थिर करण्याचा प्रश्न हाती घेतला. गिनीपिगच्या उदरपोकळीत जंतू टोचायचे, तेथून ते काढून दुसऱ्या गिनीपिगला टोचायचे, असे अनेकवार केल्यावर जंतू अधिकाधिक तीव्र होत जाऊन एका ठरावीक पातळीवर स्थिरावतो, असे त्यांना दिसले. याउलट सुमारे ३९ अंश सेल्सियस तापमानात सतत हवा खेळवत वाढवलेले जंतू क्षीण होतात. आधी क्षीण जंतूंची व काही दिवसांनी तीव्र जंतूंची टोचणी, अशी दुहेरी पद्धत त्यांनी ठरवली.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर काही सहकारी व परिचितांनी ती घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे आपले निष्कर्ष मांडले. लस निरुपद्रवी आहे एवढे यातून दिसले. ती रोगापासून वाचवते की नाही हे ठरवण्यासाठी पटकीची साथ नियमितपणे येणारा प्रदेश हवा होता. त्यांचा पहिला विचार सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा होता. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांनी भारतात जाण्याचे सुचवले.

हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास आले. पहिले वर्ष उत्तर भारतातील शहरांत व लष्करी छावण्यांत टोचण्या देण्यात गेले. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी विल्यम सिम्पसन यांच्या निमंत्रणावरून ते शहरातील वस्त्यांत गेले. एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या झोपड्यांत कोणी लस घेतली, कोणी घेतली नाही आणि नंतर कोण आजारी पडले, याची घरवार नोंद त्यांनी ठेवली. एकाच घरात, एकाच परिस्थितीत राहणाऱ्या टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची तुलना हा त्यांच्या कामाचा कायमचा गाभा राहिला. सुमारे अडीच वर्षांत त्यांनी ४२,००० हून अधिक लोकांना लस टोचली. लस ऐच्छिक होती व तिच्या प्रसारासाठी त्यांना सतत प्रवास करावा लागे. हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ मध्ये त्यांना युरोपला परतावे लागले. १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोगाचा जंतू हाँगकाँगच्या साथीत १८९४ मध्ये अलेक्झांडर यर्सिन व किटासाटो शिबासाबुरो यांनी शोधला होता. तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो हे मात्र अद्याप सिद्ध झाले नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगांतून व पुढे मुंबईत विल्यम ग्लेन लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोगाच्या कामातून ही गोष्ट प्रस्थापित झाली. त्यामुळे साथीच्या पहिल्या वर्षात घरे धुणे व रिकामी करणे, रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेणे आणि प्रवाशांना अडवणे यांवर सरकारचा भर राहिला.

लाखो लोक मुंबई सोडून गेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे नाशिककडे व पुण्याकडे जाणारे मार्ग कल्याणला वेगळे होतात. त्यामुळे ठाणे जिल्ह्यातील हे स्थानक प्रवाशांच्या वैद्यकीय तपासणीचे महत्त्वाचे ठाणे बनले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा लागू झाला. घरझडतीच्या सक्तीमुळे लोकांत तीव्र असंतोष पसरला. पुण्यात जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी हल्ला केला. मुंबईत मार्च १८९८ मध्ये दंगल झाली. पुण्याजवळ रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी प्लेगने निधन झाले. सरकारी उपायांविषयी असा अविश्वास असताना हाफकिन यांना निरोगी माणसांना स्वेच्छेने टोचणीसाठी पुढे येण्यास सांगावे लागत होते.

प्लेगच्या लशीची निर्मिती

हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईस पोहोचले. भायखळा येथील ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली व तिच्याबाहेरील व्हरांडा देण्यात आला. मदतीला एक कारकून व तीन शिपाई होते. प्रयोगशाळेच्या कामाचे प्रशिक्षण त्यांपैकी कोणालाही नव्हते.

पटकीसाठी त्यांनी जिवंत जंतू वापरले होते. प्लेगसाठी त्यांनी मृत जंतूंची लस करण्याचे ठरवले. मांसाच्या सत्त्वापासून केलेला द्रव चंबूत भरून त्यात प्लेगचे जंतू वाढवले जात. गाय व डुक्कर यांचे मांस लोकांच्या धार्मिक भावनांमुळे टाळून बोकडाचे मांस वापरण्यात आले. या द्रवाच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडल्यास जंतू त्या थेंबांना धरून वाढतात आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे तंतू खाली उतरतात, असे हाफकिन यांना आढळले. दर दोन-तीन दिवसांनी चंबू हलवला की हे तंतू तुटून तळाशी जात व वर नवी वाढ सुरू होई. सुमारे चार ते सहा आठवड्यांत द्रव जंतूंनी व त्यांनी सोडलेल्या जीवविषांनी भरून जाई. सुळक्यांसारखी ही वाढ प्लेगच्या जंतूची ओळख पटवण्यासही उपयोगी होती. दुसरा जंतू मिसळला असल्यास वाढीचे रूप बदले.

त्यानंतर हा द्रव ६५ ते ७० अंश सेल्सियसवर सुमारे तासभर तापवून जंतू मारले जात व तो टिकावा म्हणून त्यात थोडे कार्बॉलिक अम्ल घातले जाई. मृत जंतू गाळून टाकले जात नसत आणि द्रवही फेकला जात नसे. मृत जंतूंमुळे रोग होण्याची शक्यता कमी होईल आणि द्रवातील जीवविषांची ओळख झालेल्या शरीराला रोग झालाच तरी तो प्राणघातक ठरणार नाही, असा त्यांचा तर्क होता. संसर्ग टाळणे व मृत्यू टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी मानून त्यांनी दोन्हींचे आकडे स्वतंत्रपणे मोजले.

डिसेंबर १८९६ मध्ये सशांवरील प्रयोग यशस्वी झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढे प्रौढांसाठी ठरलेल्या मात्रेच्या तिपटीहून ही मात्रा अधिक होती. त्यांना ताप व टोचल्या जागी वेदना झाल्या. काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर कॉलेजमधील अध्यापक व मुंबईतील अनेक नागरिक टोचून घेण्यास पुढे आले.

लशीच्या चाचण्या

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीस सुमारे निम्म्या कैद्यांना, त्यांच्या संमतीने, लस टोचण्यात आली. अन्न, निवास व काम सर्वांचे सारखेच होते. त्यानंतर न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ जण मरण पावले. टोचलेल्यांपैकी २ जण आजारी पडले व दोघेही वाचले. आकडे लहान होते, तरी तुलना समान परिस्थितीतील होती.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंधेरा या गावी अधिक काटेकोर चाचणी झाली. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली व काही आठवड्यांनी घरोघर जाऊन मोजणी करण्यात आली. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांतील ६४ न टोचलेल्या माणसांपैकी २७ आजारी पडली व २६ दगावली. त्याच कुटुंबांतील ७१ टोचलेल्या माणसांपैकी ८ आजारी पडली व ३ दगावली.

दमण व धारवाड जिल्ह्यातील हुबळी येथेही मोठ्या प्रमाणावर टोचण्या झाल्या. मुंबईत खोजा समाजाचे तरुण प्रमुख तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि समाजातील हजारो लोकांनी त्यांचे अनुकरण केले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही उपलब्ध करून दिली.

याच काळात यर्सिन प्लेगविरोधी रक्तरस घेऊन मुंबईस आले होते. रॉबर्ट कॉख यांच्या नेतृत्वाखालील जर्मन आयोगानेही मुंबई व दमण येथे पाहणी केली. १८९८ मध्ये भारत सरकारने टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग आयोग नेमला. टोचणीमुळे रोगाचे व मृत्यूचे प्रमाण बरेच घटते, हे आयोगाने मान्य केले. मात्र लशीच्या प्रत्येक खेपेची मात्रा अचूक ठरवण्याची पद्धत व काही ठिकाणच्या आकडेवारीतील ढिलाई यांवर त्याने टीका केली. मिळणारे संरक्षण पूर्ण नव्हते व ते कायम टिकणारेही नव्हते.

परळची प्रयोगशाळा

मागणी वाढत गेली तशी प्रयोगशाळा ग्रँट मेडिकल कॉलेजमधून मलबार हिलवरील सरकारी बंगल्यात व तेथून खुश्रू लॉजमध्ये हलवावी लागली. अखेर १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले. ही वास्तू पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा १८८२ मध्ये येथे पटकीने मृत्यू झाला होता आणि त्यानंतर गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार पॉइंट येथे गेले.

ब्रिटिश सरकारने १८९७ मध्ये हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब दिला. १८९९ च्या सुमारास ते ब्रिटिश नागरिक झाले. तरीही सरकारी वैद्यकीय सेवेत त्यांचे स्थान परकेच राहिले: ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते, इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी नव्हते, आणि ते रशियातून आलेले ज्यू होते.

मलकवाल दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगची साथ पसरत होती आणि तेथील सरकारने फार मोठ्या प्रमाणावर टोचण्या देण्याचे ठरवले. त्यासाठी परळहून अल्पकाळात लशीचा प्रचंड पुरवठा होणे आवश्यक होते. उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी हाफकिन यांनी तयार करण्याची पद्धत बदलली. नव्या पद्धतीत जंतू आगरवर वाढवले जात व निर्जंतुकीकरणासाठी केवळ उष्णतेवर भर देऊन कार्बॉलिक अम्ल वगळले जाई. पाश्चर संस्थेत अशी पद्धत वापरात होती. भारतातील अधिकाऱ्यांना ती अपरिचित होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकवाल (सध्या पाकिस्तानातील पंजाबात) येथे १०७ जणांना पाच बाटल्यांतील लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांपैकी १९ जणांत धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि सर्व १९ जण मरण पावले. या सर्वांना ५३-एन या एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. उरलेल्या चार बाटल्यांमधून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू माती व शेणात सर्वत्र आढळतो. तो ऑक्सिजनविरहित जागी वाढतो व अत्यंत तीव्र जीवविष तयार करतो. मृत्यू या जीवविषामुळे होतो. त्यामुळे हा जंतू बाटलीत केव्हा शिरला, हा चौकशीतील निर्णायक प्रश्न होता. परळला बाटली भरताना शिरला असेल तर दोष प्रयोगशाळेचा. मलकवालला बाटली उघडताना शिरला असेल तर दोष टोचणीच्या जागेवरील हाताळणीचा ठरत होता.

चौकशी व दोषमुक्ती

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. बाटली मलकवालला उघडण्यापूर्वीच दूषित झालेली असावी, असा निष्कर्ष समितीने काढला आणि कार्बॉलिक अम्ल वगळल्याबद्दल प्रतिकूल मत नोंदवले. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले व १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. लंडनच्या लिस्टर संस्थेकडे पुरावा तपासणीसाठी पाठवण्यात आला. मात्र चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध होण्यास १९०६ चा डिसेंबर उजाडला. चार वर्षे आरोप जाहीर होता, त्यामागचा पुरावा नव्हता.

कागदपत्रे हाती आल्यावर त्यांतील काही नोंदींकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. बाटली उघडताना तेथील कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो योग्य रीतीने निर्जंतुक न करता, केवळ जंतुनाशक द्रवात बुडवून, त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढण्यात आले. दुसरी नोंद वासाविषयी होती. बाटली सुमारे सहा आठवडे आधी भरलेली होती. धनुर्वाताचे जंतू इतका काळ बंद बाटलीत वाढले असते, तर द्रवाला असह्य दुर्गंधी आली असती. टोचणी देणाऱ्या अधिकाऱ्याने बाटली उघडल्यावर वास घेऊन पाहिला होता व त्याला काहीही विपरीत आढळले नव्हते. तिसरी बाब काळाची होती. बाटलीत धनुर्वाताचे जीवविष आधीच साठलेले असते, तर लक्षणे लवकर दिसली असती. ती सुमारे आठवड्याने दिसली, म्हणजे अल्प प्रमाणात शिरलेले जंतू शरीरात वाढून नंतर विष तयार झाले असावे.

हिवताप डासांमार्फत पसरतो हे सिद्ध करणारे नोबेल विजेते रोनाल्ड रॉस यांनी हा प्रश्न ब्रिटिश वृत्तपत्रांतून लावून धरला. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या द टाइम्समध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. कलकत्त्यात हाफकिन यांच्याबरोबर काम केलेले सिम्पसन व अमेरिकेचे सायमन फ्लेक्सनर यांच्या सह्या त्यावर होत्या. प्रयोगशाळेविरुद्धचा आरोप सिद्ध झालेला नाही, उलट उपलब्ध पुरावा त्याच्या विरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रान्समधील द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरील खोट्या आरोपाची आठवण होऊन या प्रकरणाला लहान द्रेफ्यूस प्रकरण असेही म्हटले गेले. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले.

उत्तरायुष्य

१९०७ च्या अखेरीस हाफकिन भारतात परतले. परंतु परळची जागा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्ता येथील जैविक प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे लस तयार करण्याची सोय नव्हती आणि नव्या लशींच्या चाचण्या घेण्याची मुभाही त्यांना मिळाली नाही. मृत जंतूंच्या पटकीच्या लशीविषयीचे त्यांचे प्रस्ताव मार्गी लागले नाहीत. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपला गेले.

त्यानंतर ते मुख्यतः फ्रान्समध्ये राहिले व संशोधनापासून दूर झाले. ज्यू धर्माचे परंपरागत आचरण ते कटाक्षाने करीत. १९१६ मध्ये त्यांनी परंपरानिष्ठ धर्माचरणाचे समर्थन करणारा निबंध प्रसिद्ध केला. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे स्थायिक झाले. १९२९ मध्ये त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या मदतीसाठी निधी स्थापन केला व आपली मालमत्ता त्याला दिली. ते अविवाहित होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

कार्याचे मूल्यमापन

मुंबईहून १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवण्यात आल्या. निरनिराळ्या चाचण्यांत टोचलेल्यांमधील मृत्यूंचे प्रमाण ५० ते ८५ टक्क्यांनी कमी आढळले. तरीही लशीने साथ थांबवली नाही; १८९६ नंतरच्या दोन दशकांत भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले. लस घेतल्यावर येणारा ताप व दुखणे, संरक्षणाचा अल्प काळ आणि सरकारी उपायांविषयीचा अविश्वास यांमुळे तिचा प्रसार मर्यादित राहिला. मलकवालच्या घटनेने पंजाबातील मोठी मोहीम खंडित झाली, हाही त्या दुर्घटनेचा परिणाम होता.

पटकीच्या बाबतीत जिवंत जंतूंच्या दुहेरी टोचणीची जागा पुढे विल्हेल्म कोले यांनी १८९६ मध्ये सुचवलेल्या मृत जंतूंच्या लशीने घेतली. पटकीच्या जंतूचे जीवविष आतड्यात कार्य करते हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकाता येथे दाखवून दिले. प्लेगवरील खात्रीचे उपचार सल्फा औषधे व स्ट्रेप्टोमायसिन यांच्या शोधानंतर उपलब्ध झाले. मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले सेलमन वाक्समन हेही आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ होते. त्यांनी लिहिलेले हाफकिन यांचे चरित्र १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले.

लशीची परिणामकारकता टोचलेल्या व न टोचलेल्या तुल्य गटांच्या तुलनेनेच ठरवावी, हा हाफकिन यांचा आग्रह वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. तुरुंग, वस्ती व खेडे अशा वेगवेगळ्या ठिकाणी त्यांनी हे तत्त्व प्रत्यक्ष राबवले.

स्मृती

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले. १९२५ मध्ये, तत्कालीन संचालक फ्रेडरिक मॅकी यांच्या पुढाकाराने, तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. हाफकिन तेव्हा हयात होते. ज्या प्रयोगशाळेतून त्यांना दूर करण्यात आले होते, तिला एकवीस वर्षांनी त्यांचे नाव मिळाले. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखे हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९७० च्या दशकात संशोधन व उत्पादन हे विभाग वेगळे करून लस उत्पादनासाठी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्थापन करण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.